निदानाची विद्या आणि आपण बाया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह केला. ह्या दिवशी आपल्याकडे कोणी संतचरित्रावर बोलते, कोणी लोणची-पापडाच्या उद्योगावर बोलते. मी विषय निवडला तो जरा निराळा आहे. आपल्याला किंवा आपल्या लेकराला काय झाले आहे हे डॉक्टर ठरवितात कसे, आणि त्या ठरविण्यात आपला काही वाटा असतो की नसतो, हा तो विषय. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा हिने ह्यावर बोलावे कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. पण ह्या विद्येत ज्यांनी मोठे काम केले ती माणसे आपल्या शेजारीच, वैनगंगेच्या पलीकडे राहतात, आणि त्यांच्या कामात पाचवी-सातवी शिकलेल्या बायांना मानाचे स्थान आहे. म्हणून हा विषय माझाही आहे आणि तुमचाही आहे.

रोग ओळखून त्याचे नाव ठरविणे ह्याला निदान म्हणतात. निदानाविषयी आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, पोट दाबून पाहिले आणि गोळ्या दिल्या, तर बाहेर आल्यावर आपण म्हणतो, "काही पाहिलंच नाही बाप्पा, फोटोसुद्धा काढला नाही." आणि फोटो काढला, सोनोग्राफी केली, कागदाची पिशवी हातात आली, म्हणजे चांगली तपासणी झाली असे समाधान वाटते. त्यासाठी आपण धानाचे पोते विकतो, प्रसंगी गळ्यातले गहाण ठेवतो.

फोटोची विद्या थोर आहे ह्यात शंका नाही. १८९५ साली जर्मनीतील राँटजेन ह्या शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याने माणसाच्या शरीराचा जो पहिला प्रसिद्ध फोटो काढला तो आपल्या बायकोच्या हाताचा होता. त्यात बोटांची हाडे दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. सोनोग्राफीची हकिकतही बाईशीच निगडित आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. एका बाईचे पोट फुगत चालले होते आणि तिला असाध्य कर्करोग झाला आहे असे डॉक्टरांनी ठरविले होते. डोनाल्डसाहेबांनी आवाजाच्या लहरींनी तिच्या पोटाचे चित्र काढले. ती अंडाशयाची पाण्याने भरलेली गाठ निघाली. शस्त्रक्रियेने गाठ काढली आणि बाई बरी झाली. १९५८ साली त्यांनी ही विद्या इंग्लंडच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ह्या नियतकालिकाचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते गडचिरोलीच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

असे असले तरी फोटो आपल्या तोंडाने रोगाचे नाव सांगत नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला, तर तो क्षयाचा असू शकतो, जुन्या बऱ्या झालेल्या रोगाचा व्रण असू शकतो, दुसऱ्या कशाचाही असू शकतो. म्हणून थुंकी तपासावी लागते, खोकला किती दिवसांचा आहे, वजन उतरले काय, घरात आधी कोणाला क्षय होता काय, हे विचारावे लागते. फोटो ही एक साक्ष झाली. निकाल द्यावयाचा तर बाकीच्या साक्षीही ऐकाव्या लागतात, आणि त्यांतली मोठी साक्ष रोग्याची स्वतःची असते.

आता ज्या माणसांविषयी मला बोलावयाचे आहे त्यांच्याकडे वळते. डॉ. राणी बंग ह्या आपल्या जिल्ह्याच्याच लेकी. त्यांचे माहेर चंद्रपूरचे, माहेरचे आडनाव चारी. डॉ. अभय बंग हे वर्ध्याचे. वडील ठाकुरदास बंग हे गांधीविचाराचे नामांकित सर्वोदयी कार्यकर्ते. दोघेही नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. राणीताईंनी स्त्रीरोगशास्त्राचे आणि अभयभाऊंनी औषधवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे आणि संशोधनाचे शिक्षण घेतले. तिकडेच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते परत आले, आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. गडचिरोली हा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली वेगळा झालेला जिल्हा. तेथे त्या वेळी मोठी यंत्रे नव्हती आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावेच्या गावे तुटत. तेंदूपत्त्याच्या गोदामात त्यांनी कामाला आरंभ केला. पुढे धानोरा रस्त्यावर शोधग्राम वसले. राणीताईंना तिकडची माणसे 'अम्मा' म्हणतात.

संशोधन म्हणजे काय हे सिंदेवाहीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावी कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे एका वाफ्यात नवे वाण, शेजारच्या वाफ्यात जुने वाण लावतात, दोन्ही वाफ्यांचे धान मोजतात आणि मग कोणते सरस ते सांगतात. बंग पतिपत्नींनी हीच रीत माणसांच्या आरोग्याला लावली. काही गावांत नवा उपाय करावयाचा, शेजारची तशीच काही गावे तुलनेला ठेवावयाची, आणि दोन्हीकडील जन्म-मृत्यू चोख मोजावयाचे.

त्यांचे पहिले मोठे काम आपल्या बायांच्याच दुखण्यावर झाले. गडचिरोलीजवळ वसा आणि अमिर्झा अशी दोन गावे आहेत. तेथील १३ वर्षांवरील मुली आणि बाया, लग्न झालेल्या आणि न झालेल्या, अशा ६५० जणींची तपासणी राणीताईंनी केली. प्रत्येकीची हकिकत विचारली, आतून तपासणी केली, प्रयोगशाळेत नमुने पाहिले. शंभरातील ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. एकेकीला सरासरी तीनाहून अधिक रोग होते. आणि ह्या सर्वांपैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात अवघ्या ८ होत्या. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

त्यातील आणखी एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. तपासलेल्या बायांपैकी शंभरात ५५ जणींनी तक्रार सांगितली, ४५ जणींची काही तक्रारच नव्हती. पांढरे पाणी जाते, कंबर दुखते, पाळीत अंगावरून फार जाते, हे बाईच्या जन्माला चिकटलेलेच आहे असे आपण धरून चालतो. आईने सोसले, सासूने सोसले, म्हणून आपणही सोसतो. जी गोष्ट आपण दुखणे मानीतच नाही ती आपण डॉक्टरांना सांगणार कशी? आणि आपण सांगितलीच नाही तर त्यांनी कोणता फोटो काढावा, कशाचे निदान करावे? निदानाची पहिली पायरी दवाखान्यात नसून आपल्या घरात, आपल्या तोंडात आहे, हे वसा-अमिर्झाच्या बायांनी आपल्याला शिकविले. राणीताईंनी बायांचे हे बोल ऐकून 'कानोसा' ह्या नावाचे पुस्तकही लिहिले आहे.

दुसरे काम लेकरांच्या न्यूमोनियाचे. लहान मुलाला सर्दी-खोकला वरचेवर होतो आणि बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पण त्यातलाच एखादा न्यूमोनिया निघतो, आणि वेळीच औषध मिळाले नाही तर दोन-चार दिवसांत लेकरू हातचे जाते. साधा खोकला कोणता आणि न्यूमोनिया कोणता, हे ओळखावे कसे? शहरात छातीचा फोटो काढतात. पण जंगलातल्या गावी रात्री लेकरू धापू लागले तर फोटोचे यंत्र आणावे कोठून? शिवाय फोटोतही तो जंतूंचा न्यूमोनिया आहे की दुसऱ्या प्रकारचा, हे दर वेळी स्पष्ट होत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर दूरदेशी शोधले जात होते. पापुआ न्यू गिनी ह्या डोंगराळ देशात फ्रँक शान नावाच्या डॉक्टरांनी १९८४ साली दाखवून दिले की, खोकला असलेल्या मुलाचा श्वास फार जलद चालत असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, आणि श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर दुखणे गंभीर समजावे. आपल्या देशात वेल्लोरच्या डॉक्टरांनीही १९८८ साली श्वास मोजण्याचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. ह्याचे कारण समजण्यास सोपे आहे. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग कफाने आणि सुजेने भरतो व ताठ होतो. एका श्वासात मिळावयाची हवा मिळत नाही, म्हणून लेकरू अधिक श्वास घेऊन ती उणीव भरून काढते. म्हणजे लेकरू स्वतःच आपला रोग सांगत असते. पाहणाऱ्याने तेवढे मोजले पाहिजे.

पण मोजावे कोणी? गावात सदैव हजर असणारी बाई म्हणजे सुईण. गडचिरोलीच्या कित्येक सुइणींना अक्षरओळख नव्हती आणि बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. एखाद्याने येथेच हात टेकले असते. बंगांनी सुइणीला दोष न देता तिच्या हाताजोगे साधन केले. मण्यांची एक पाटी, आणि तिला जोडलेली एक मिनिटाची वाळूची घटका. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. पुन्हा एकापासून दहापर्यंत मोजावयाचे आणि दुसरा मणी सरकवावयाचा. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी एक ओळ, तिच्यात सहावा मणी लाल. त्याहून मोठ्या मुलासाठी दुसरी ओळ, तिच्यात पाचवा मणी लाल. वाळू खाली पडून संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे. दहापर्यंत मोजणाऱ्या बाईने साठ श्वासांचा हिशेब बिनचूक करावा, अशी ही युक्ती.

१९८८ साली हे काम ५८ गावांत सुरू झाले आणि ४४ गावे तुलनेला ठेवली. आरोग्य कर्मचारी, गावचे आरोग्यसेवक आणि सुइणी ह्यांनी मिळून न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार केले. त्यांत दगावण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ होते. तुलनेच्या गावांत तेच प्रमाण शंभरात १३.५ होते. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर ह्या गावांत ८.१ वर आले. १९९० साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. येथे तर सुइणीच्या हातातल्या मण्यांनीच ते सिद्ध केले.

हे मोजणे आपणही शिकून घ्यावे. लेकरू शांत असताना, ते रडत नाही आणि अंगावर पीत नाही अशा वेळी, त्याचे पोट उघडे करून सेकंदाचा काटा असलेल्या घड्याळावर पुरते एक मिनिट मोजावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले म्हणजे एक श्वास. जागतिक आरोग्य संघटनेने आता ठरविलेली मर्यादा अशी आहे: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, लेकरू पिईनासे झाले असेल, गुंगीत असेल, तर मोजत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. औषध मात्र आपल्या मनाने देऊ नये. आपण मोजावे आणि आशाताईला किंवा डॉक्टरांना आकडा सांगावा. "लेकरू धापते" असे सांगण्यापेक्षा "एका मिनिटात अठ्ठावन्न श्वास झाले" असे सांगणारी आई डॉक्टरांचे अर्धे काम करून ठेवते.

तिसरे काम सर्वांत नाजूक, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे. गावात बाळ जन्माला आल्यावर पहिल्या महिन्यातच जी बाळे जातात, त्यांतील पुष्कळ जंतुदोषाने जातात. त्यांचे निदान मोठमोठ्या इस्पितळांतही अवघड, कारण बाळ सांगत नाही, त्याला ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडते. बंगांनी ह्या कामासाठी गावातल्याच बाया निवडल्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, अंगाची उष्णता पाहत, श्वास मोजत आणि सर्व वहीत लिहीत. ठरावीक लक्षणे दिसली की आईबापांची संमती घेऊन जंतुनाशक इंजेक्शनही देत. बाईने इंजेक्शन द्यावे काय, ह्यावर पुष्कळ विद्वानांनी भुवया उंचावल्या असतील. पण आकडे बोलले. ३९ गावांत हे काम चालले आणि ४७ गावे तुलनेला होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात १६-१७ जात, ती संख्या तिनाच्या आत आली. १९९९ च्या डिसेंबरात हा अभ्यासही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली भारत सरकारने आशाताईंच्या हस्ते बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याची योजना देशभर सुरू केली. आपल्या दारी आशाताई येऊन बाळाचे वजन करते, तिच्या त्या वजनकाट्यामागे गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचे कष्ट आहेत.

आता निदानाच्या विद्येचे मर्म ज्यात आहे ती गोष्ट सांगते. आरोग्यदूतांच्या वह्यांतून बंगांनी बाळाच्या जंतुदोषाची सात लक्षणे निवडली. बाळाचे पिणे कमी होणे किंवा थांबणे. रडणे क्षीण होणे किंवा थांबणे. हातपाय लुळे पडणे. उलटी होणे किंवा पोट फुगणे. हाताला अंग गार लागणे. श्वास घेताना छाती फार आत ओढली जाणे. बेंबी पिकणे. पैकी कितीही लक्षणे असोत, निर्णय कोठे घ्यावयाचा? एकाच लक्षणावर औषध सुरू केले तर पुष्कळ निरोगी बाळांना विनाकारण सुया टोचल्या जातील. चार लक्षणांची वाट पाहिली तर औषध देण्याआधीच बाळ जाईल. चाळणीची भोके मोठी ठेवली तर खडेही खाली पडतात, बारीक ठेवली तर दाणेही वर राहतात, हे आपल्याला रोजच्या निवडण-टिपणातून ठाऊक आहे. बंगांनी सर्व नोंदी तपासून पाहिल्या आणि कोणतीही दोन लक्षणे एका वेळी दिसली की उपचार करावा, असे ठरविले. त्या नोंदींत जंतुदोषाने दगावलेले एकही बाळ ह्या चाळणीतून निसटलेले नव्हते, आणि विनाकारण धरली जाणारी बाळे फार थोडी होती. २००५ साली हे निष्कर्ष छापून आले. हा हिशेब आरोग्यदूताच्या कामाचा झाला. आईने मात्र एकच लक्षण दिसले तरी आशाताईला बोलवावे. बोलावण्याने नुकसान काही होत नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक तपासणीत चूक दोन प्रकारची होऊ शकते. रोग असून तो न दिसणे ही एक, आणि रोग नसताना तो आहे असे ठरविणे ही दुसरी. पहिल्या चुकीला आपण सर्वच भितो. दुसरीही तितकीच महाग पडते, हे आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या घरात हे प्रत्यक्ष घडले, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या जावेच्या पाळीला पाच-सहा महिने फार जात होते. वय चौतीस, दोन लेकरे. एका दवाखान्यात नेले. आत पाऊल टाकताच सोनोग्राफी झाली. कागदावर गर्भपिशवीत लहानशी गाठ असल्याचे लिहून आले, आणि पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कर्करोग होईल, असे सांगण्यात आले. किती दिवस जाते, किती कपडे लागतात, कधीपासून, हे कोणी विचारले नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लेकरं झालीत, आता त्या पिशवीचं काम काय?" दीर पैशांच्या मागे लागले. जाऊ रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, आता का करू जी मी? रोवणा तोंडावर आला आहे." मी म्हटले, रोवणा दुसऱ्याच्या हातानेही होईल, पण पिशवी एकदा काढली की परत बसत नाही. आपण दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारू.

त्या डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो बाजूला ठेवला आणि आधी अर्धा तास प्रश्न विचारले. मग आतून तपासले, रक्त तपासले. रक्त फार कमी निघाले. त्या म्हणाल्या, अशा लहान गाठी पुष्कळ बायांना असतात, त्यांचा कर्करोग होणे फार विरळा, आणि पाळी जाण्याच्या वयात त्या बहुधा आपोआप आकसतात. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणण्याचे औषध देऊन तीन महिन्यांनी बोलाविले. आज चार वर्षे झाली. जाऊ रोवण्याला जाते आणि तिची पिशवी तिच्याजवळच आहे. सोनोग्राफी दोन्ही ठिकाणी तीच होती. निर्णय मात्र वेगळा झाला, कारण दुसऱ्या ठिकाणी बाईला विचारले गेले.

ह्याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच करू नये असा कोणी काढू नये. ग्लासगोच्या त्या बाईचा जीव शस्त्रक्रियेनेच वाचला. काही गाठी काढाव्याच लागतात, आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले तर एक दिवसही वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या काढण्याच्या प्रकाराची चौकशी सरकारला करावी लागली, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. आणि ज्या सोनोग्राफीने बायांचे जीव वाचविले तीच लावून पोटातल्या मुली शोधल्या गेल्या, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. चित्र काढणारे यंत्र एकच असते. त्याला काय विचारावयाचे आणि उत्तर मिळाल्यावर काय करावयाचे, हे माणसाने ठरवावे लागते.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर तीन प्रश्न अदबीने पण न भिता विचारावेत, असे मला वाटते. ही तपासणी कशासाठी आहे? तिचा निकाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार? आणि आज काही न करता थांबून पाहिले तर काय होईल? चांगल्या डॉक्टरांना ह्या प्रश्नांचा राग येत नाही. आपणही दवाखान्यात जाण्यापूर्वी दुखणे कधीपासून, कशाने वाढते, कोणते औषध घेतले, हे मुलांच्या जुन्या वहीत लिहून न्यावे. लिहिता येत नसेल त्या बहिणीला लिहिणारीने मदत करावी. जुने फोटो आणि कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवावेत, म्हणजे तेच पुन्हा काढण्याचा खर्च वाचतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग ह्यांना महाराष्ट्र भूषण मिळाले, २०१८ साली पद्मश्री मिळाली, जगातील विद्वानांनी त्यांना नावाजले. मला त्यांचे मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटते. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई श्वासावरून लेकराचीही परीक्षा करू शकेल, असा विश्वास त्यांनी धरला, आणि तो नुसता बोलून न दाखविता गावोगाव मोजून दाखविला. आपण मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशा रीतीने नागपूरच्या यंत्रांकडे पाहत राहतो.

शेवटी मंडळाला माझी एक सूचना आहे. मंडळाच्या शिलकीतून सेकंदाचा काटा असलेले एक मोठे घड्याळ घ्यावे, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी एका दुपारी आपल्या आशाताईंना बोलावून, लहान लेकरे असलेल्या सर्व आयांना श्वास मोजण्यास शिकवावे. आज्या आणि आत्यांनीही यावे, कारण रोवण्याच्या दिवसांत लेकरू त्यांच्याच मांडीवर असते. खर्च थोडा आहे, आणि ह्या पावसाळ्यात एका लेकराचा जरी श्वास वेळेवर मोजला गेला तरी वर्षाचे काम झाले असे मी समजेन.